वाशीमच्या कानाला स्पॅनिश

आईच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ बसलंय. स्पीकरमधून एकच आवाज पुन्हा पुन्हा येतोय: त, त, त, त. मध्येच ट. आवाज बदलला की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळतं आणि हलायला लागतं. दोन-चार वेळा असं झालं की बाळाला गोम कळते. त-चा ट झाला रे झाला, की खेळणं उजळायच्या आधीच ते पेटीकडे मान वळवतं.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा हा प्रयोग कॅनडात झाला आणि १९८४ साली प्रसिद्ध झाला. घरात फक्त इंग्रजी कानावर पडणाऱ्या या बाळांना त आणि ट मधला फरक सहज कळत होता. पण वर्ष भरत आलेली, दहा-बारा महिन्यांची बाळं घेतली तर बहुतेकांची मान वळेना. मोठ्या माणसांचीही तीच गत. त्यांच्या लेखी ताक आणि टाक हा एकच शब्द! प्रयोगासाठी निवडलेली ही जोडी हिंदीतली, म्हणजे आपल्याही घरातली. जगातला कुठलाही आवाज टिपणारा कान घेऊन माणूस जन्माला येतो, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत तो कान आपल्या घरापुरता बेतून घेतो. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गाजलेली ही गोष्ट सिद्ध करायला आपला त आणि आपला ट कामी आला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता हा घरापुरता बेतलेला कान घेऊन एखाद्याने वयाच्या विशीत, तिशीत किंवा साठीत स्पॅनिश शिकायला घेतली तर? सुमारे ५० कोटी लोकांची ही मातृभाषा आहे, वीस देशांची राजभाषा आहे. कुणाला पुण्यातल्या कंपनीत त्या भाषेवर नोकरी दिसते, कुणाला मेस्सी सामना संपल्यावर काय बोलतो ते भाषांतराशिवाय समजून घ्यायचं असतं. मोबाइल हातात असला की वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडात बसूनही सुरुवात करता येते. महिना-दोन महिने बरे जातात. शब्द पाठ होतात, वाक्यं वाचता येतात. मग एक दिवस खरा स्पॅनिश माणूस बोलताना ऐकू येतो आणि सगळं पाणी. वाचलं की कळतं, ऐकलं की कळत नाही, आणि बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. नवशिक्यांची तक्रार जगभर हीच.

पहिला आरोप वेगाचा असतो: हे लोक फार भरभर बोलतात. आरोप खरा आहे. फ्रान्समधल्या ल्योंच्या संशोधकांनी २०११ साली वेगवेगळ्या भाषांतली माणसं एका सेकंदात किती अक्षरं उच्चारतात ते मोजलं. स्पॅनिश ७.८२, इंग्रजी ६.१९, चिनी ५.१८. स्पॅनिशच्या पुढे फक्त जपानी, तीही केसभर. खरी गंमत मात्र पुढे आहे. जी भाषा भरभर चालते तिच्या प्रत्येक अक्षरात माहिती कमी असते, आणि जी सावकाश चालते तिच्या अक्षरात माहिती ठासून भरलेली असते. याच गटातल्या संशोधकांनी २०१९ साली सतरा भाषा तपासल्या, तेव्हा सेकंदाला पोचणारी माहिती जवळपास सगळीकडे सारखीच निघाली, सुमारे ३९ बिट. सतरा भाषा, सतरा वळणं, पण माणसाच्या डोक्यातून डोक्यात जाणाऱ्या ओघाचा वेग एकच! म्हणजे स्पॅनिश माणूस घाईत नसतो. त्याची अक्षरं हलकी असतात, एवढंच. त्यातली चार निसटली तरी अर्थ फारसा निसटत नाही.

तरीही ऐकताना धांदल उडते, कारण खरी अडचण वेगाच्या मागे लपलेली आहे. कागदावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते, कुठल्याच भाषेत नसते. आपल्याला आपल्या भाषेत शब्द सुटे ऐकू येतात ते मेंदू तोडून देतो म्हणून.

एक वाक्य जवळून बघू. ‘आज काय केलंस?’ हे स्पेनमध्ये विचारतात तेव्हा पुस्तकात चार शब्द असतात: के, आस, एचो, ओय. चारही सोपे, पहिल्या काही धड्यांतले. पण माद्रिदमधली बाई हे विचारते तेव्हा कानावर येतं ‘केआसेचोय?’ आस-चा स पुढच्या ए-ला जाऊन चिकटला, एचो-चा ओ आणि ओय-चा ओ एकमेकांत विरघळले. शिकणारा मनात ‘आसेचोय’ नावाचा शब्द शोधत बसतो. तो कुठल्याच शब्दकोशात नसतो. तोवर बाई पुढच्या दोन वाक्यांवर गेलेली असते.

आठ महिन्यांच्या बाळासमोर हाच पेच असतो आणि ते तो सोडवतं. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी बाळांना एका यंत्राचा सपाट आवाज ऐकवला. ‘बिदाकु’, ‘पादोति’, ‘गोलाबु’ असे बनावट शब्द, मध्ये श्वासाएवढीही फट न ठेवता, एकामागून एक. अर्थ नाही, आघात नाही, चढउतार नाही. फक्त दोन मिनिटं. तेवढ्यात बाळांच्या मेंदूने हिशेब मांडला होता की बि-नंतर दा नेहमी येतो, दा-नंतर कु नेहमी येतो, पण कु-नंतर काय येईल याचा नेम नाही. म्हणजे शब्द तिथे तुटतो. संख्याशास्त्राचा हा तास बाळाने दुपट्यात बसून पूर्ण केला. हा हिशेब मोठ्या माणसाचा मेंदूही करतो. त्यासाठी आवाज मात्र पुरेसा मिळावा लागतो, आणि आपण तिथेच कंजुषी करतो. स्पॅनिश शिकतो म्हणून सांगणारा नवशिका बहुतेक वेळ ती वाचत असतो.

आता वाशीमकडे वळू. मला वाटतं, इथला कान या कामात पुष्कळांच्या पुढे आहे.

शाळेच्या पाटीवर ‘शाळा’ लिहिलेलं असतं. वऱ्हाडात कितीतरी जणांच्या तोंडी ती ‘शाया’ असते. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. गुरुजी फळ्यावर ळ काढतात आणि मधल्या सुट्टीत पोरगं य बोलतं, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. स्पॅनिशमध्ये हुबेहूब हेच घडलंय. रस्त्याला जो शब्द आहे तो लिहितात दोन एल घालून, जुना उच्चार साधारण ‘काल्ये’ असा. आज बहुतेक स्पॅनिश जग त्याला ‘काये’ म्हणतं. जुना ल्य काही भागांत टिकून आहे, आणि ब्वेनोस आयरेसच्या माणसाने तर या य-चा चक्क श केलाय. त्याचा रस्ता ‘काशे’. लिखित ळ-ला बोलीतला य ऐकण्याची सवय असलेल्या कानाला यात दचकण्यासारखं काय आहे?

आणखी बघा. दक्षिण स्पेनमध्ये आणि कॅरिबियन बेटांवर शब्दाच्या शेवटचा स हवेत विरतो, ‘लोस आमिगोस’चं ‘लो आमिगो’ होतं. दमलेल्या माणसासाठीच्या ‘कान्सादो’ मधला द गळून ‘कान्साओ’ होतो. पुण्याच्या वर्गात शुद्ध उच्चार शिकून आलेला माणूस इथे कोलमडतो. ‘राहिला’चं ‘रायला’ रोज ऐकणाऱ्याला मात्र माहीत असतं की बोलणारी जीभ वाटेत काही ना काही सांडत जाते.

हा ‘रायला’ आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रमाण मराठीत ‘मी जेवतोय’, वऱ्हाडीत ‘मी जेवून रायलो’. एक क्रिया सांगणारं रूप आणि तिच्यासोबत ‘असणं’ दाखवणारं दुसरं. स्पॅनिश माणूस ‘एस्तोय कोमिएन्दो’ म्हणतो तेव्हा तो तेच करतो, फक्त ‘रायलो’ आधी आणि ‘जेवून’ नंतर. ‘मे गुस्ता एल मांगो’ ही तर इंग्रजीवाल्यांची पहिली ठेच. त्यांना ‘मी आंबा आवडतो’ असं काहीतरी म्हणायचं असतं आणि भाषा म्हणू देत नाही. आपण? मले आंबा आवडते. मे म्हणजे मले, ते म्हणजे तुले. आंबे अनेक झाले की ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’ होतं, जसं प्रमाण मराठीत ‘आवडतो’चं ‘आवडतात’. शब्द आंब्याच्या मागे जातो, खाणाऱ्याच्या मागे जात नाही. हे सारखेपण सगळंच योगायोगाचं नाही. मे आणि मले, दोस आणि दोन, त्रेस आणि तीन, सिएते आणि सात या शब्दांची मुळं काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच भाषेत जातात. निघाले एका घरून, एक गेला इबेरियाला, एक आला वऱ्हाडात.

मंगरूळपीर किंवा कारंज्याच्या ज्या घरांत उर्दू बोलतात तिथल्या मुलांना तर आणखी दोन आवाज फुकटात मिळालेत. ख़ाला आणि ख़बर मधला घशातला ख़ म्हणजे स्पेनमधला ‘जे’ या अक्षराचा उच्चार (मेक्सिकोत तो मऊ होत ह-कडे झुकतो). आणि ग़ज़लचा ग़ म्हणजे स्वरांच्या मध्ये आलेला स्पॅनिश ग, पाण्याच्या ‘आग्वा’तला. या ग-साठी इंग्रज विद्यार्थी महिनोन्‌महिने घसा खरवडतो.

आणि मानोऱ्याकडचा तांडा. पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयही तिथे उघडलं. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, आईला याडी म्हणतं, बाजारात वऱ्हाडी बोलतं, शाळेत प्रमाण मराठी आणि टीव्हीसमोर हिंदी. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात लिहायची झाली तर देवनागरीत लिहितात, तेलंगण-कर्नाटकात तिथल्या लिप्यांत. म्हणजे ही भाषा शतकानुशतकं एका कानातून दुसऱ्या कानात जात टिकली. ज्या मुलाने चौथीच्या आत चार बोली केवळ ऐकून उचलल्या, त्याला पाचवी भाषा कशी शिकायची हे आपण पुस्तक उघडून शिकवायला बसतो!

थोडं आडवळण घेतो. एकाच वेळी अनेक भाषांत वावरायची वाशीमची ही सवय जुनी आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. इथे सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि दान काय दिलं, कुणाला दिलं, कुणी अडवू नये, हा व्यवहाराचा भाग प्राकृतात. मोठेपणा एका भाषेत, काम दुसऱ्या भाषेत, पत्रा एकच. इसवीच्या चौथ्या शतकातला हा कारभार मला फार ओळखीचा वाटतो. आजही वाशीमला अर्ज एका मराठीत होतो आणि त्यावरची चर्चा दुसऱ्या मराठीत.

एवढं कौतुक केल्यावर आपला कान कुठे कमी पडतो तेही बघायला हवं. एक जागा फार नेमकी आहे: आघात. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान जोराकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये ‘पापा’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. ‘आब्लो’ आ-वर जोर देऊन म्हणजे मी बोलतो, ब्लो-वर देऊन म्हणजे तो बोलला. माणूस बदलला, काळही बदलला, आणि देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. फ्रेंच लोकांचं या बाबतीत फार हसं होतं. त्यांच्याही भाषेत जोराने अर्थ बदलत नाही, आणि एमान्युएल द्यूपू व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की जे फरक स्पॅनिश माणसाला सहज ऐकू येतात तिथे फ्रेंच माणूस अडखळतो. कान बहिरा नसतो, त्याने ती खिडकी लावून घेतलेली असते. ती उघडायचा उपाय बाळबोध आहे. ऐकताना ज्या अक्षरावर जोर येईल तिथे टेबलावर बोट आपटायचं. चार दिवस घरचे हसतील.

बाकीच्या अडचणी किरकोळ. स्पॅनिशमध्ये मऊ र आणि थरथरता र वेगळे. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. पण ज्याला भर्रकन आणि सर्रकन म्हणता येतं त्याला हा र्र शिकवावा लागत नाही. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त आणि द दातांवरचे, आपलेच. ट आणि ड त्या भाषेत नाहीतच, त्यामुळे त्रास झाला तर आपल्याला नाही, लंडनच्या माणसाला.

खरा शत्रू आहे आपला इंग्रजी शिकलेला डोळा. रोमन लिपी दिसली की तो आपणहून इंग्रजी उच्चार पुढे करतो. एच दिसला की ह, जे दिसला की ज, व्ही दिसला की व. स्पॅनिशमध्ये एच मुका, म्हणून नमस्कार ‘ओला’. व्ही आणि बी यांचा उच्चार एकच. डोळ्याने आधीच चुकीचं सांगून ठेवल्यामुळे बरोबर आवाज कानावर आला तरी तो ओळखू येत नाही. म्हणून माझं मत असं की मराठी माणसाने पहिले काही आठवडे स्पॅनिश रोमनमध्ये बघूच नये. ऐकावी आणि देवनागरीत लिहून काढावी.

ते असं. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, संथ बोलणाऱ्याचा एखादा तुकडा घ्यायचा. एकदा नुसता ऐकायचा, वही मिटून. मग थांबवत थांबवत जे कानावर येईल ते जसंच्या तसं उतरवायचं. कळलं नाही तरी उतरवायचं, ‘केआसेचोय’ तर ‘केआसेचोय’. जोर आलेल्या अक्षराखाली रेघ मारायची. त्यानंतर छापील मजकूर काढून शेजारी ठेवायचा. त्या क्षणी जी फजिती होते तिला मोल नाही. जो शब्द आपल्याला ‘येत’ होता तो तीनदा आला आणि आपण तो एकदाही ओळखला नाही, हे समोर दिसतं. आपल्या वर्णमालेत पाचही स्वर, दातांवरचे त-द आणि न्य हे सगळं नीट वेगळं काढता येत असल्यामुळे स्पॅनिश बोलणं टिपायला देवनागरी रोमनपेक्षाही सोयीची पडते, ही आयती मिळालेली देणगी आहे.

काय ऐकायचं? जे थोडंसंच डोक्यावरून जातं ते. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९८०च्या दशकापासून हेच लावून धरलं: भाषा येते ती कळणारं ऐकून-वाचून, नियम घोकून नाही. यूट्यूबवरची ‘ड्रीमिंग स्पॅनिश’ ही मालिका याच विचारावर उभी आहे. शिकवणारा फळ्यावर चित्र काढत, हातवारे करत, पहिल्या दिवसापासून फक्त स्पॅनिश बोलतो, आणि तरी पाहणाऱ्याला गोष्ट कळते. व्याकरणावरचा क्रॅशनचा राग मला थोडा एकांगी वाटतो, पण नवशिक्याने चूक करायचीच असेल तर त्याच्या बाजूची करावी. ‘मनी हाइस्ट’ ही स्पॅनिश मालिका बघून भाषा शिकतोय असं सांगणारे मात्र पुष्कळदा ती हिंदी किंवा इंग्रजी डबिंगमध्ये बघत असतात. मूळ आवाजात बघितली तरी खालची पट्टी कुठल्या भाषेत आहे याने फरक पडतो. मिटेरर आणि मॅकक्वीन यांनी २००९ साली डच लोकांना अनोळखी लहेजातल्या इंग्रजीतले कार्यक्रम दाखवले. इंग्रजी पट्टी वाचणाऱ्यांचा कान त्या लहेजाला लवकर सरावला, आणि डच पट्टी वाचणाऱ्यांना ती उलट नडली. आपल्या भाषेची पट्टी दिसली की डोळा अर्थ घेऊन मोकळा होतो आणि कान बसल्या जागी पेंगतो. तेव्हा आधी पट्टीशिवाय, मग स्पॅनिश पट्टी लावून.

ऐकणं कसंबसं जमलं तरी संभाषण हे निराळंच प्रकरण आहे, आणि तिथला आकडा मला सर्वांत थक्क करतो. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतली प्रश्नोत्तरं मोजली. त्यांत जपानी होती, डॅनिश होती, मेक्सिकोतली त्सेल्ताल ही माया कुळातली भाषाही होती. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा अवधी सरासरी सेकंदाचा पाचवा भाग! आता हे बघा: समोरच्या चित्राचं नाव नुसतं तोंडातून काढायलाही मेंदूला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग एवढ्यात उत्तर येतं कुठून? ते आधीच शिजायला घातलेलं असतं. समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार ते हेरतो, उत्तर जुळवून ठेवतो, आणि त्याचा शेवटचा शब्द पडला की सोडतो. पानाच्या टपरीवर दोन माणसं उगाच गप्पा मारत उभी असतात, तेव्हा त्यांचे मेंदू ही कसरत मिनिटाला कितीतरी वेळा करत असतात.

नवशिक्याचा सगळा मेंदू ऐकण्यात गुंतलेला असतो, शिजवायला हात मोकळा नसतो. तो गप्प बसतो, समोरच्याला वाटतं कळलं नाही, तो इंग्रजीवर येतो. यावर प्रत्येक भाषेने आपापली पळवाट ठेवलीय. आपण म्हणतो ‘म्हणजे… हे… ते आपलं…’ मेक्सिकोतला माणूस अडला की म्हणतो ‘एस्ते…’, आणि एस्ते म्हणजे अक्षरशः ‘हे’! अर्ध्या पृथ्वीपलीकडची दोन माणसं शब्द शोधताना एकाच ‘हे’ला धरून उभी राहतात. ‘एस्ते’, ‘पुएस’, ‘आ बेर’ हे तीन शब्द पहिल्या आठवड्यात शिकावेत. त्यांनी पाळी आपल्याकडे राहते आणि एक-दोन सेकंद मिळतात. समोरच्याचं कळलं नाही तर मेक्सिकोत ‘मांदे?’ म्हणतात, आपल्या ‘काय म्हनलं?’सारखं, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

पण हे सगळं माणसाशीच करावं लागतं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांमध्ये चिनी ऐकवली. काहींना समोर बसून खेळवणाऱ्या माणसांच्या तोंडून, काहींना ध्वनिचित्रफितीतून. पहिल्या गटाचा कान चिनी आवाजांना तयार झाला. दुसऱ्या गटाच्या कानात काहीच रुजलं नाही. मोठी माणसं बाळं नसतात, ती फितीतूनही बरंच घेतात. तरी पाळीचं भान, कधी घुसायचं आणि कधी थांबायचं, हे पडद्यावरच्या माणसाकडून कसं येणार? तो आपल्यासाठी थांबतच नाही.

आपल्या विदर्भातला एक माणूस हे फार आधी करून गेला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले, पहिल्या महायुद्धात इराणात लढलेले. इंग्रजांनी मायदेश बंद केला, आणि १९२४च्या सुमारास, चाळिशीला टेकलेले खानखोजे मेक्सिकोत पोचले. तिथल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या जातींवर काम केलं, स्पॅनिशमध्ये लिहिलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. या शाळांच्या कामाची छायाचित्रं तीना मोदोत्तीने काढली. दिएगो रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत ‘आपली रोजची भाकर’ या अर्थाचं भित्तिचित्र काढलं, त्यात टेबलाच्या मध्यभागी भाकर मोडणारा माणूस खानखोजेंच्या चेहऱ्याचा आहे. जरा विचार करा. मक्याच्या बांधावर उभं राहून मेक्सिकन शेतकऱ्याला बियाणं कसं निवडायचं ते सांगायचं, आणि त्याच्या शंका त्याच्या गावठी बोलीत ऐकून घ्यायच्या. तिथे शेतकरी हळू बोलत नाही, खाली पट्टी येत नाही. चाळिशीत नवी भाषा येत नाही असं म्हणणाऱ्याला मी खानखोजेंचं नाव सांगतो. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला.

मेक्सिकोची आठवण आज वाशीमच्या शेतातही उगवते. गेल्या काही वर्षांत इथे रब्बीला हरभऱ्याच्या जोडीने चिया पेरायला लागलेत, आणि वाशीमच्या बाजार समितीत त्याची खरेदीही होते. चिया मूळचं मेक्सिको-ग्वातेमालाचं पीक, नाव तिथल्या नावात्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेलं. त्या पिकाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेले शेतकरी स्पॅनिश बोलतात. पेरा कधी, दाटी किती, काढणीला ओंबी कितपत वाळू द्यायची, हे त्यांना थेट विचारता आलं तर गप्पांना विषय शोधायला नको. कामाचा विषय असला की माणूस अडखळत का होईना बोलतो, नुसत्या ‘तुमचं नाव काय’वर गाडी दहा मिनिटांत थांबते.

रीतसर शिकायचं तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. दिल्लीत २००९ पासून स्पेन सरकारची सर्वांतेस संस्था आहे. तिच्या ‘देले’ परीक्षेच्या पहिल्या पायरीवर ऐकण्याच्या भागातली ध्वनिमुद्रणं दोनदा वाजवतात, आणि तोंडी परीक्षेला समोर माणूस बसलेला असतो. वेळ किती लागेल? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशसाठी साधारण ३० आठवडे पूर्णवेळ वर्गात बसवतं. संध्याकाळी दुकान बंद करून तासभर देणाऱ्याने वर्षांचा हिशेब धरावा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ कानाला द्यावा.

बोलायला माणूस शोधणं हे काम राहतं. इंटरनेटवर भाषांची अदलाबदल करणारे पुष्कळ आहेत, तुम्ही मला हिंदी-इंग्रजी शिकवा, मी तुम्हाला स्पॅनिश. घड्याळही आपल्या सोयीचं आहे. मेक्सिको शहर आपल्या साडेअकरा तास मागे, आणि २०२२ पासून त्यांनी उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणंही सोडलंय, म्हणून हा हिशेब वर्षभर बदलत नाही. वाशीमला सकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसात. त्यांचा दिवस संपलेला, आपला चहा व्हायचा, अर्धा तास सहज निघतो.